संगणक जुन्या स्टिरिओला जोडल्यावर येणारे हमिंग कसे घालवावे?

तबकडी

नमस्कार. दादरला आमच्या जुन्या इमारतीतील घरात वडिलांनी घेतलेला भारतीय बनावटीचा स्टिरिओ ॲम्प्लिफायर आणि त्याचे दोन मोठे स्पीकर अजूनही उत्तम चालतात. घरगुती मैफलींच्या बऱ्याच कॅसेटी मी संगणकावर उतरवून घेतल्या असून त्या याच ॲम्प्लिफायरवर ऐकण्याची इच्छा आहे. संगणकाच्या मागील हिरव्या सॉकेटमधून निघून ॲम्प्लिफायरच्या 'ऑक्स'मध्ये (बाहेरच्या उपकरणासाठीच्या सॉकेटमध्ये) दोन आरसीए पिनांनी जाणारी साधी वायर मी जोडली आहे. ती जोडताक्षणी दोन्ही स्पीकरांतून घूं असा अखंड आवाज सुरू होतो.

गाणे रंगात आले असताना तो फारसा जाणवत नाही. परंतु गायकाची पट्टी काळी एक असेल आणि आलापीत दोन स्वरांच्या मध्ये नुसता तानपुरा उरला असेल, तेव्हा तो असह्य होतो. काळी एकमध्ये षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा आणि मंद्र पंचमाची तार सुमारे १०४ हर्ट्झची असते; हा आवाज १०० हर्ट्झच्या जवळपासचा असावा, कारण पंचमाच्या तारेशी त्याचे सेकंदाला चारएक डोल पडतात, म्हणजे आवाज तितक्या वेळा लहान-मोठा होतो, आणि उत्तम लागलेला तानपुरा बेसूर असल्याचा भास होतो.

माझ्या नोंदी पुढीलप्रमाणे. वायर ॲम्प्लिफायरमधून काढली की स्पीकर जवळजवळ शांत होतात. त्याच वायरला मोबाइल जोडला तरी शांतता राहते. संगणकाच्या लोखंडी डब्याला हात लावला की बोटांना झिणझिण्या येतात आणि त्याच वेळी आवाजाचा पोत किंचित बदलतो. माउस हलवला की बारीक किरकिर ऐकू येते. ॲम्प्लिफायरचा प्लग दोन पिनांचा आहे, संगणकाचा तीन पिनांचा. ॲम्प्लिफायरच्या 'टेप' सॉकेटला केबल टीव्हीचा सेट टॉप बॉक्सही जोडलेला आहे. एका दुरुस्ती करणाऱ्याने संगणकाच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला दिला आहे. तो मानावा की नाही, याविषयी जाणकारांचे मत हवे आहे.

पन्हाळा

आमच्या नात्यातील एका घरी हाच उपाय केला आणि हमिंग पूर्णपणे थांबले. कित्येक उपकरणे मुळातच दोन पिनांची असतात आणि ती सुरक्षित मानली जातात; मग संगणकाच्याच बाबतीत ही पिन इतकी आवश्यक का मानावी, हे कुणी समजावून सांगितल्यास बरे होईल. अर्थिंगवर चिकटपट्टी लावणे आणि पिन तोडणे यांत काही फरक आहे का, हेही जाणून घ्यायचे आहे.

विद्युतपंथी

तबकडी, कृपया पिन काढू नका. बाकी सर्व प्रयोग सावकाश करता येतील, परंतु हा एक निर्णय आजच पक्का करावा.

तीन पिनांच्या प्लगमधील जाड पिन इतर दोघींपेक्षा लांब ठेवलेली असते, ती याचसाठी की प्लग घालताना अर्थिंग सर्वांत आधी जुळावे आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावे. दोन पिनांवर चालणाऱ्या, चौकोनात चौकोन असे चिन्ह असलेल्या उपकरणांत विजेचा भाग आणि बाहेरचे आवरण यांच्यामध्ये दुहेरी निरोधन (इन्सुलेशन) असते. त्यांची रचनाच अर्थिंगवाचून चालण्यासाठी केलेली असते. संगणकाचा लोखंडी डबा तसा नसतो. त्याची सुरक्षितता अर्थिंगच्या तारेवर उभी आहे. आत फेजची तार सैल होऊन डब्याला टेकली, तर अर्थिंगमधून मोठा प्रवाह वाहतो, फ्यूज उडतो किंवा एमसीबी (जादा प्रवाहाने आपोआप बंद होणारा स्विच) पडतो, आणि धोका तिथेच संपतो. अर्थिंग नसेल तर काहीच उडत नाही. डबा २३० व्होल्टवर जिवंत राहतो आणि आरसीए वायरच्या बाहेरच्या धातूच्या जाळीमार्गे ॲम्प्लिफायरची धातूची पट्टी, सेट टॉप बॉक्स, जे जे जोडलेले आहे ते सर्व जिवंत होते. पन्हाळा, चिकटपट्टी आणि तोडलेली पिन यांत या दृष्टीने काहीही फरक नाही. नात्यातील त्या घरी हमिंग थांबले हे खरे असणार, कारण दोन्ही उपकरणे आणि जमीन यांतून फिरणाऱ्या प्रवाहाचे कडे, म्हणजे 'ग्राउंड लूप', तुटले. परंतु ते नेमके जीव वाचवणाऱ्या जागी तुटले. तिथे नवी पॉवर कॉर्ड आजच बसवून घ्यावी.

आता तबकडी यांच्या झिणझिण्यांकडे वळतो, कारण त्यांच्या सगळ्या नोंदींत मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. संगणकाच्या एसएमपीएसमध्ये (आतल्या वीजपुरवठ्याच्या पेटीत) उच्च वारंवारतेचा गोंगाट बाहेर जाऊ नये म्हणून फेजपासून डब्याकडे एक आणि न्यूट्रलपासून डब्याकडे एक असे दोन छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग शाबूत असेल तर त्यांतून झिरपणारा प्रवाह निमूटपणे जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर डबा २३० च्या साधारण निम्म्यावर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगतो. कपॅसिटर काही नॅनोफॅरडचेच असल्याने प्रवाह एक मिलिअँपिअरपेक्षा कमी असतो, म्हणून झिणझिण्यांवर भागते. याचा अर्थ असा की पिन न तोडताच आपल्या त्या बोर्डाचे अर्थिंग आज मृत आहे.

मुंबईच्या जुन्या इमारतींत हे वारंवार दिसते. कुठे अर्थिंगची तार वरच्या मजल्यांपर्यंत ओढलेलीच नसते, तर कुठे ती एके काळी पाण्याच्या लोखंडी नळाला बांधलेली असते आणि पुढे नळ बदलून प्लास्टिकचा झाला तरी तार तशीच लोंबत राहते. बोर्डाला तीन भोके आहेत एवढ्यावरून तिसऱ्या भोकामागे काही आहे, असे मानता येत नाही.

तपासणीसाठी परवानाधारक वायरमन बोलवावा. तो मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ अशी तीन मापे घेईल. अर्थिंग धड असेल तर पहिली दोन मापे २३० च्या आसपास आणि तिसरे एक-दोन व्होल्टचे येते. तिसरे माप दहा-वीस व्होल्ट किंवा त्याहून अधिक आले, तर अर्थिंग तुटलेले किंवा तरंगणारे आहे. मात्र डिजिटल मल्टिमीटर अत्यल्प प्रवाह ओढतो, त्यामुळे शेकडो ओहमचे निकामी अर्थिंगही त्याला चांगले भासू शकते. म्हणून भार देऊन किंवा अर्थिंगच्या संपूर्ण मार्गाचा रोध मोजणारा लूप टेस्टर लावून खात्री करून घेण्याचा आग्रह धरावा.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. अर्थिंग दुरुस्त झाल्यावर झिणझिण्या जातील, तीक्ष्ण किरकिरही कमी होईल, परंतु खर्जातील घूं कदाचित वाढेल. तसे झाले तर दुरुस्ती चुकली असे समजू नये.

स्वरांगिनी

माझी अडचण याच्या जवळची पण थोडी वेगळी आहे. मी मुलुंडला तुलनेने नव्या इमारतीत राहते आणि येथे अर्थिंग तपासून घेतलेले आहे. माझा लॅपटॉप दोन पिनांच्या ॲडॅप्टरवर चालतो. तो बॅटरीवर असताना ॲम्प्लिफायर संपूर्ण शांत असतो. चार्जर लावला की हमिंग, आणि त्यावर पातळ शिट्टीसारखा आवाज. दोन पिनांच्या ॲडॅप्टरला अर्थिंगच नाही, तर अर्थिंगमुळे हमिंग कसे येईल, हे मला उमगलेले नाही. रोजच्या रियाजाला लॅपटॉपवरील तानपुरा स्टिरिओवर लावते, त्यामुळे बॅटरीवर किती वेळ काढणार, हा प्रश्न आहे.

लॅमिंग्टनकर

स्वरांगिनीताई, तुमच्या ॲडॅप्टरमध्येही तसाच एक कपॅसिटर असतो. फक्त तो विजेच्या बाजूपासून लॅपटॉपच्या बाजूकडे जोडलेला असतो. त्यातून झिरपणाऱ्या प्रवाहाला जमीन हवी असते. तुमचा ॲम्प्लिफायर तीन पिनांचा असेल, किंवा दुसऱ्या एखाद्या उपकरणामार्फत जमिनीशी जोडलेला असेल, तर तो प्रवाह लॅपटॉपच्या आवाजाच्या वायरमधूनच वाट काढतो. पातळ शिट्टी ही ॲडॅप्टरच्या स्विचिंगची, म्हणजे आत वीज अतिवेगाने चालू-बंद होण्याची खूण आहे. बॅटरीवर शांतता आणि चार्जरवर आवाज, ही तुम्ही केलेली चाचणी अगदी योग्य असून प्रत्येकाने सर्वांत आधी तीच करावी.

तुमच्यासाठी दोन मार्ग आहेत. पहिला, त्याच लॅपटॉपसाठी उत्पादकाचा तीन पिनांचा ॲडॅप्टर मिळत असेल तर तो घ्यावा. त्यात झिरपणारा प्रवाह आवाजाच्या वायरऐवजी अर्थिंगमधून जातो. दुसरा मार्ग म्हणजे ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर. एकास एक गुणोत्तराचे दोन छोटे ट्रान्सफॉर्मर, डाव्या-उजव्या वाहिनीला एकेक, एका डबीत बसवलेले असतात. आवाजाचा संकेत चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जातो, पण दोन्ही बाजूंची जाळी एकमेकींना जोडलेली नसल्याने हमिंगचा प्रवाह तिथेच अडतो. लॅमिंग्टन रोडला गाडीच्या स्टिरिओसाठी 'ग्राउंड लूप आयसोलेटर' या नावाने मिळणारी डबी हीच. स्वस्त डबीत ट्रान्सफॉर्मरचा गाभा फार लहान असतो. खर्जाचा मोठा संकेत आला की तो संपृक्त होतो, म्हणजे त्याच्या चुंबकत्वाची मर्यादा संपते, आणि तबल्याचा डग्गा पोकळ ऐकू येतो. म्हणून विकत घेण्यापूर्वी डग्ग्यावर तळहात घासून काढलेले घुमारे असलेली एखादी ध्वनिफीत सोबत नेऊन डबी लावून आणि न लावता ऐकावी. शक्य असेल तर गाभा मोठा आणि त्यावर धातूचे कवच असलेला ट्रान्सफॉर्मर निवडावा.

डबी लावण्याची जागाही महत्त्वाची आहे. ती ॲम्प्लिफायरच्या टोकाला असावी, परंतु ॲम्प्लिफायरच्या स्वतःच्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरपासून हातभर दूर. जवळ ठेवली तर त्या ट्रान्सफॉर्मरचे चुंबकीय क्षेत्र डबीतील वेटोळ्यांत उतरते, आणि घालवायला आणलेले हमिंग नव्या वाटेने आत येते. डबी फिरवून पाहिल्यास आवाज कमी-जास्त होतो. जिथे सर्वांत कमी होईल तिथे ती घट्ट बसवावी.

पन्हाळा

विद्युतपंथी, खुलाशाबद्दल आभार. कॉर्ड बदलण्याविषयी त्या घरी आजच कळवतो. परंतु तेथील बोर्डालाही अर्थिंग नाही आणि एका वायरमनने सुचवले आहे की बोर्डाच्या आत न्यूट्रलचा एक तुकडा अर्थिंगच्या स्क्रूला जोडून द्यावा. न्यूट्रल शेवटी जमिनीलाच जोडलेला असतो, असे त्याचे म्हणणे आहे. झिणझिण्या त्याने थांबतात, हे मी स्वतः दुसरीकडे पाहिले आहे. यात धोका आहे का?

विद्युतपंथी

हा तुकडा पिन तोडण्याइतकाच, किंबहुना अधिक घातक आहे. वरच्या मजल्यावर कुठे न्यूट्रलची तार सैल झाली किंवा जळाली, तर त्या घरातील पंख्याच्या, दिव्याच्या वेटोळ्यांमधून आलेली फेज थेट संगणकाच्या डब्यावर पोहोचते, आणि हे सर्व काही बिघाड नसलेल्या उपकरणांत घडते. फेज आणि न्यूट्रल यांची कुणी अदलाबदल केली तरीही तेच. शिवाय घरात गळती ओळखणारा आरसीसीबी बसवला असेल तर तो अशा जोडणीमुळे विनाकारण पडत राहतो आणि शेवटी कुणीतरी वैतागून तो काढून टाकतो. कृपया हे होऊ देऊ नका. मीटरबोर्डापासून स्वतंत्र हिरवी तार ओढून घेणे हाच एक उपाय आहे. सोसायटीत चार घरांनी मिळून केले तर खर्च विभागला जातो.

आवाजाच्या दृष्टीनेही हा तुकडा वाईट आहे. न्यूट्रलमधून घराचा सगळा भार वाहत असल्याने त्याच्या लांबीवर एक-दोन व्होल्ट सांडतात. फ्रीजचा कॉम्प्रेसर सुरू झाला की हमिंग एकदम वर चढते, बंद झाला की उतरते, असे कुणाकडे घडत असेल तर बोर्डाच्या आत असा तुकडा आहे का, हे प्रथम पाहावे.

स्वरांगिनी यांच्या प्रश्नाच्या निमित्ताने हमिंग वायरमध्ये नेमके शिरते कसे, तेही लिहितो. आरसीए वायरमध्ये मधली तार संकेत नेते आणि बाहेरची जाळी तो परत आणते. हीच जाळी दोन उपकरणांच्या डब्यांनाही जोडते. दोन डब्यांच्या जमिनीत थोडा जरी व्होल्टेजचा फरक असेल, तर जाळीतून ५० हर्ट्झचा प्रवाह वाहतो. समजा, जाळी आणि तिचे दोन्ही संपर्क मिळून ०.१ ओहमचा रोध आहे आणि प्रवाह १० मिलिअँपिअर आहे. तर जाळीवर १ मिलिव्होल्ट पडतो आणि तो ॲम्प्लिफायरला संकेताचाच भाग वाटतो. १ व्होल्टच्या संकेताच्या तुलनेत हे ६० डेसिबल खाली आहे. मोठ्या आवाजाच्या संगीतात ते दडून जाईल, आलापीत दडणार नाही. आता संपर्कावर गंज चढून रोध १ ओहम झाला, तर त्याच प्रवाहाने हमिंग दसपट होते. मुंबईच्या खाऱ्या हवेत, विशेषतः पावसाळ्यानंतर, आरसीए सॉकेटची बाहेरची कडी काळवंडते. वीज बंद करून ती कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसली आणि पिन घट्ट बसते का हे पाहिले, तर काही घरांत तेवढ्यानेच निम्मे काम होते. माझा अनुभव असा की महागडी वायर घेण्याआधी लोक हे करतच नाहीत.

तबकडी यांनी ओळखलेला १०० हर्ट्झचा आवाजही याच्याशी जुळतो. ५० हर्ट्झचा निखळ स्वर घरगुती स्पीकरांतून क्षीणच येतो आणि कानही त्याला कमी संवेदनशील असतो. आपल्याला ऐकू येतात ती मुख्यतः त्याची १००, १५० आणि पुढची पटीतील आवर्तने.

लॅमिंग्टनकर

एक छोटी भर. ॲम्प्लिफायरवर 'फोनो' लिहिलेल्या सॉकेटमध्ये संगणक कधीही जोडू नये. ते तबकडीवाचकाच्या सुईसाठी असते, जिचा संकेत काही मिलिव्होल्टचा असतो, आणि ध्वनिमुद्रिकेच्या आरआयएए मानकानुसार तिथे ५० हर्ट्झचा स्वर १००० हर्ट्झच्या तुलनेत सुमारे १७ डेसिबलने उचलला जातो. म्हणजे हमिंगला पायघड्याच. जुन्या ॲम्प्लिफायरला पाच पिनांचे गोल डिन सॉकेट असेल तर मधली, म्हणजे २ क्रमांकाची पिन जाळीची आणि ३ व ५ क्रमांकांच्या पिना डाव्या-उजव्या वाहिनीच्या. १ आणि ४ ध्वनिमुद्रणासाठी असतात, त्यांना संगणक जोडून उपयोग नाही. ही वायर तयार करून घेताना जाळी २ क्रमांकाच्या पिनेला नीट सोल्डर झाली आहे ना, हे ओढून तपासावे. ती सुटली तर जे येते ते हमिंग नसून गर्जना असते.

तबकडी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. येथे दिलेल्या क्रमानेच गेलो. परवानाधारक वायरमनने मापे घेतली तेव्हा न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये साठ व्होल्टहून अधिक दाखवत होते. जिन्याखालील मीटरबोर्डापर्यंत पाहिल्यावर कळले की आमच्या मजल्याची अर्थिंगची तार एका जुन्या क्लॅम्पपाशी तुटून भिंतीवरच संपत होती. नवी तार ओढली, लूपची चाचणी घेतली, आणि आता ते माप दोन व्होल्टच्या आत आहे. डब्याच्या झिणझिण्या पूर्णपणे गेल्या. माउसची किरकिरही बरीच उतरली.

आणि विद्युतपंथी यांनी म्हटल्याप्रमाणे खर्जातील घूं खरोखरच वाढले. आधीचा आवाज घोंगावणाऱ्या माशीसारखा होता, आताचा खोल आणि गोल आहे. ॲम्प्लिफायरचा प्लग तर दोन पिनांचाच आहे. मग दुसरी जमीन आली कुठून?

खाडीकाठ

केबलच्या वायरमधून. सेट टॉप बॉक्सच्या मागे स्क्रूने बसवलेली जी काळी जाड कोॲक्स वायर आहे, तिची जाळी इमारतीच्या गच्चीवरील किंवा जिन्यातील केबलच्या ॲम्प्लिफायरपर्यंत जाते, आणि ती तिथल्या जमिनीशी जोडलेली असते. ती जमीन आणि आपल्या बोर्डाची जमीन यांत काही व्होल्टचा फरक असणे अगदी सामान्य आहे. आता आपल्या घरातील मार्ग असा होतो: संगणकाचे नवे अर्थिंग, संगणकाचा डबा, ऑक्सच्या वायरची जाळी, ॲम्प्लिफायर, टेपच्या वायरची जाळी, सेट टॉप बॉक्स, कोॲक्स, गच्ची. पूर्वी संगणकाकडचे टोक मोकळे होते, म्हणून एसएमपीएसच्या कपॅसिटरमधून झिरपेल तेवढाच, तीक्ष्ण आवाजाचा प्रवाह वाहत होता. आता दोन्ही टोके खरोखर जमिनीला आहेत, म्हणून विजेच्या मुख्य लहरीचा मोठा प्रवाह वाहतो आणि आवाज खोल झाला आहे. निदान पक्के करण्यासाठी कोॲक्सचा स्क्रू फिरवून वायर बॉक्सपासून पूर्ण वेगळी करावी आणि ऐकावे. टीव्ही बंद करणे किंवा बॉक्सचे बटण दाबणे पुरेसे नाही. जाळी जोडलेलीच राहते. वायर सोडवताना एका हाताने स्क्रू आणि दुसऱ्या हाताने ॲम्प्लिफायर धरू नये.

इंटरनेटवरही संशय घ्यावा का, असे काहींना वाटेल. फायबर काचेचा असल्याने त्यातून प्रवाह येत नाही, आणि साध्या लॅन वायरच्या दोन्ही टोकांना आत छोटे ट्रान्सफॉर्मर असतात. धातूची जाळी असलेली लॅन वायर वापरली असेल तरच ती पाहावी.

तबकडी

कोॲक्स सोडवताच स्पीकर शांत झाले. आवाजाचे बटण अर्ध्यावर नेले तरी फक्त अगदी सौम्य सरसर ऐकू येते. वायर पुन्हा टेकवली, तर स्क्रू फिरवण्याआधीच घूं सुरू होते. आता घरात टीव्हीही हवा आहे आणि स्टिरिओही. पुढे काय करावे?

खाडीकाठ

कोॲक्ससाठी गॅल्व्हॅनिक आयसोलेटर मिळतो. बोटाएवढी नळी असते, एका बाजूने वायर येते, दुसऱ्या बाजूने बॉक्सकडे जाते. आत मधल्या तारेत आणि जाळीत एकेक लहान कपॅसिटर असतो. दोन नॅनोफॅरडचा कपॅसिटर धरला तर ५० हर्ट्झला त्याचा रोध सुमारे सोळा लाख ओहम होतो, म्हणजे हमिंगचा रस्ता बंद. आणि केबलच्या १०० मेगाहर्ट्झच्या संकेताला तो एक ओहमही नसतो, म्हणजे चित्रात फरक पडत नाही. तो सेट टॉप बॉक्सच्या अगदी मागे बसवावा. बसवल्यावर एखादी वाहिनी अडखळू लागली तर नळीची प्रत किंवा स्क्रूचा संपर्क खराब आहे असे समजून बदलून घ्यावी.

दुसरा मार्ग, सेट टॉप बॉक्सला डिजिटल ऑप्टिकल सॉकेट असेल तर त्यातून काढलेला प्रकाशाचा धागा. तोशिबाने १९८३ साली आणलेली ही जोडणी आजही अनेक उपकरणांवर असते. तिच्यात तांबे नसल्याने जमिनीचा प्रश्नच उद्भवत नाही. ॲम्प्लिफायर जुना असल्याने मध्ये एक छोटा डिजिटल-ॲनालॉग परिवर्तक लागेल, आणि त्याचा ॲडॅप्टर दोन पिनांचा असावा. संगणकाच्या मदरबोर्डावर ऑप्टिकल सॉकेट असल्यास तिकडेही हाच उपाय चालतो, आणि उरलेली माउसची किरकिरही त्याने पूर्ण जाते.

विद्युतपंथी

ती किरकिर हमिंगपेक्षा वेगळी असते, हे येथे स्पष्ट करणे योग्य ठरेल. माउस हलवताना, पान सरकवताना किंवा खेळ सुरू असताना बदलणारा आवाज हा संगणकाच्या आतील डिजिटल मंडळांच्या प्रवाहाचा असतो. पुढच्या बाजूच्या हेडफोन सॉकेटऐवजी मागचे सॉकेट वापरणे, ही पहिली पायरी तबकडी यांनी केलेलीच आहे. यूएसबीवर चालणारे बाहेरचे साउंड कार्ड घेतले तर आवाजाचे मंडळ डब्याबाहेर येते, परंतु यूएसबीची जमीन जोडलेलीच असल्याने लूप तुटत नाही. यूएसबी आयसोलेटर सोबत लावावा लागतो. १२ मेगाबिट वेगाचा आयसोलेटर दोन वाहिन्यांच्या संगीताला पुरतो, मात्र कार्डही त्या वेगावर चालणारे हवे.

काहीही विकत घेण्याआधी संगणकावरील आवाज जवळजवळ पूर्ण ठेवून ॲम्प्लिफायरचे बटण खाली घ्यावे. हमिंग वायरमध्ये शिरते, म्हणून वायरमध्ये संकेत जितका मोठा तितके हमिंग त्याच्या मानाने लहान. संगणक तीस टक्क्यांवर ठेवून ॲम्प्लिफायर जोरात लावण्याची सवय फार घरांत दिसते.

एक प्रश्न तबकडी यांना. आवाजाचे बटण शून्यावर आणि सर्व वायरी काढलेल्या असताना स्पीकरला कान लावल्यास काही ऐकू येते का?

तबकडी

होय, डाव्या स्पीकरमधून अगदी बारीक, स्थिर गुणगुण येते. बटण फिरवल्याने तिच्यात फरक पडत नाही. बसण्याच्या जागेवरून ती ऐकू येत नाही. कोॲक्सचा आयसोलेटर बसवला असून टीव्ही आणि स्टिरिओ दोन्ही आता एकत्र व्यवस्थित चालतात. संगणक आणि ॲम्प्लिफायर दोन्ही एकाच स्पाइक गार्डवर घेतले आहेत.

विद्युतपंथी

ती गुणगुण ॲम्प्लिफायरची स्वतःची आहे. एसीचे डीसी करताना ५० हर्ट्झच्या दोन्ही अर्धलहरी वापरल्या जातात, म्हणून उरलेला तरंग १०० हर्ट्झचा असतो, आणि तो सपाट करणारे मोठे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उष्णतेने वर्षानुवर्षे वाळत जातात. बटणाने फरक पडत नसेल तर दोष बटणानंतरच्या भागात, म्हणजे याच कपॅसिटरांत किंवा डाव्या वाहिनीच्या अर्थच्या एखाद्या सुटलेल्या सोल्डरमध्ये शोधावा. तूर्त घाई नाही. परंतु कपॅसिटरचा माथा फुगलेला दिसला किंवा गुणगुण बसल्या जागेवरून ऐकू येऊ लागली, तर जाणकार तंत्रज्ञाकडून दोन्ही कपॅसिटर एकदमच बदलून घ्यावेत; व्होल्टेजची क्षमता मूळ कपॅसिटरइतकी किंवा अधिक असावी. बंद केल्यानंतरही त्यांत भार शिल्लक राहतो, म्हणून झाकण स्वतः उघडू नये.

स्वरांगिनी

मी धातूचे कवच असलेला ट्रान्सफॉर्मर घेतला आणि ॲम्प्लिफायरपासून दूर बसवला. चार्जर लावूनही आता शांतता आहे आणि डग्गा भरीव येतो. एकच उरले आहे. रात्री पंखा मंद केला की स्पीकरांतून झर्र असा आवाज येतो, आणि तो पूर्ण वेगावर ठेवला की जातो.

खाडीकाठ

पंख्याचा रेग्युलेटर गोल फिरणारा, पायऱ्या नसलेला असावा. तो प्रत्येक अर्धलहरीचा सुरुवातीचा तुकडा कापून टाकतो आणि त्या कापाच्या तीक्ष्ण कडा तारांमधून सर्वत्र पसरतात. वायरमनकडून पायऱ्यांचा, कपॅसिटर असलेला रेग्युलेटर बसवून घ्या. तो लहर कापत नाही. तोपर्यंत आवाजाची वायर त्या भिंतीपासून दूर ठेवा आणि विजेच्या वायरला ती ओलांडायचीच असेल तर समांतर न नेता काटकोनात ओलांडू द्या.

पन्हाळा

त्या घरी कॉर्ड बदलली असून हिरवी तार ओढण्याचे काम ठरले आहे. त्यांच्याकडे केबल नाही, गच्चीवर स्वतःची डिश आहे. तार ओढल्यावर त्यांच्याकडेही घूं वाढेल, असे वरच्या चर्चेवरून वाटते. तोच कोॲक्सचा आयसोलेटर डिशच्या वायरला चालेल का?

खाडीकाठ

नाही. डिशच्या तोंडाशी असलेल्या एलएनबीला (उपग्रहाचा संकेत टिपणाऱ्या डबीला) सेट टॉप बॉक्सकडूनच त्याच कोॲक्समधून डीसी वीज जाते आणि साधा आयसोलेटर ती अडवतो; चित्र पूर्ण बंद होईल. त्यांनी ॲम्प्लिफायर आणि सेट टॉप बॉक्स यांच्यामध्ये, आवाजाच्या वायरला, लॅमिंग्टनकर यांनी सांगितलेला ट्रान्सफॉर्मर लावावा किंवा ऑप्टिकल धागा वापरावा. आणि डिशचा लोखंडी खांब इमारतीच्या अर्थिंगशी जोडलेला आहे की नाही, हे हिरवी तार ओढायला येणाऱ्या वायरमनकडूनच त्याच दिवशी पाहून घ्यावे.